मावसाजींचं शिक्षण अजून चालू आहे

जबलपुरात साठीच्या पुढचं जे कोणी माणूस तोंड उघडून हसतं, त्याच्या हसण्यात आपला थोडाफार हात आहे, असं आमच्या मावसाजींचं ठाम मत आहे, आणि हे मत ते स्वतःपुरतं ठेवत नाहीत. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, भाजीच्या ठेल्यापाशी समोरचा हसला रे हसला, की मावसाजी त्याच्या डोळ्यांऐवजी तोंडात बघतात आणि माझ्या कानाशी लागतात, "वरची कवळी माझी. खालची नागपूरहून आणलेली दिसते, पाह्य कशी हलून राहिली." मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. ते दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्या मापावरून प्लास्टरचा साचा बनतो, आणि त्या साच्यावर कवळ्या आणि दात घडवायचं काम राइट टाउनातल्या एका लॅबमध्ये बसून मावसाजी करतात. डेंटल टेक्निशियन म्हणतात त्याला. 'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण त्यांना अजिबात मान्य नाही. त्यांचं पोट आजवर त्यावरच भरत आलंय.

खरं म्हणजे टेक्निशियनला पेशंटशी काही देणंघेणं नसतं. त्याच्याकडे येतो तो पांढरा जबडा, तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव, बास. पण त्या जबड्याचा मालक बघितल्याशिवाय मावसाजींना चैन पडत नाही. ते दवाखान्यात जाऊन बाकावर बसतात, माणूस बोलतो कसा, चिडतो कसा, कुठल्या बाजूनं सुपारी चघळतो, सगळं बघून येतात आणि मग कामाला हात घालतात. एकदा आलेला साचा ते टाकूनही देत नाहीत. लॅबच्या फळ्यांवर, कपाटावर, जुन्या बिस्किटांच्या डब्यांत अर्धं जबलपूर तोंड उघडून पडलेलं आहे. याचा परिणाम असा झालाय, की माणसं चेहऱ्यावरून ओळखायची असतात हे मावसाजी विसरूनच गेलेत. मी शिकवते त्या शाळेच्या प्राचार्यांकडे मी त्यांना एकदा घेऊन गेले होते. मावसाजींनी कोरडा नमस्कार केला, खुर्चीत बसले. प्राचार्य कशावरून तरी हसले, आणि मावसाजींचा चेहरा एकदम उजळला. "अरे, आप! वो बाईं दाढ़ अब कैसी है?" आपले दात आपले नाहीत हे प्राचार्यांनी स्टाफमध्ये कोणाला कळू दिलं नव्हतं. त्या वर्षी मला दहावीचे पेपर तपासायला पाठवण्यात आलं.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या धंद्यात एक नवी पद्धत आली. टेक्निशियन म्हणून नोंदणी चालू ठेवायची असेल तर नुसतं काम करून भागणार नाही. अधूनमधून वर्गाला बसायचं, नवं काही शिकायचं, त्याचे पॉइंट गोळा करायचे, आणि मुदतीत पॉइंट पुरे झाले तर नोंदणी पुढे सरकणार. 'सतत व्यावसायिक विकास' असं त्याचं भारदस्त नाव. राइट टाउनातले बाकीचे टेक्निशियन भडकले. "ज़िंदगी भर दाँत बनाए, अब बुढ़ापे में ये हमको दाँत बनाना सिखाएँगे?" मला त्यांचं दुःख समजत होतं. आम्हा शिक्षकांनाही सुटीत असली प्रशिक्षणं असतात. मी मागच्या बाकावर बसते, समोसे आले की जागी होते, आणि परत येताना इतरांसारखीच सरकारला नावं ठेवते.

मावसाजी मात्र पहिल्या दिवशी असे निघाले, की मुंज झालेला बटूही इतका नटून निघत नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पाण्याची बाटली, मावशीनं दिलेला डबा. डबल सीट मीच नेलं त्यांना माझ्या स्कूटरवरून, महाराजपूरच्या त्यांच्या घरापासून थेट डेंटल कॉलेजपर्यंत. वर्गात ते पहिल्या बाकावर बसले. शिकवायला आलेला मुलगा त्यांच्या लेकीपेक्षाही लहान होता. तो आत येताच मावसाजी ताडकन उभे राहिले आणि "नमस्ते, सर" म्हणाले. झालं, सगळ्या वर्गाला उभं राहावं लागलं. ज्यांना गुडघेदुखी होती त्यांनी मावसाजींना त्या दिवसापासून माफ केलेलं नाही. दुपारच्या चहाला मावसाजी त्या मुलामागे प्रश्न विचारत फिरले, आणि बिचाऱ्याचा चहा निवला. लागणारे पॉइंट त्यांनी पहिल्याच वर्षात पुरे केले, तरी वर्ग काही सुटला नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "मावसाजी, पॉइंट झाले ना आता? मग काहून जाता?" तर म्हणाले, "पॉइंट झाले नं बाई. शिकणं कुठं झालं?"

शिकण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती संध्याकाळी घरी आल्यावर ते सगळ्यांना शिकवत त्याबद्दल. स्वच्छतेचा वर्ग झाला तेव्हा सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना त्यांनी नळापाशी नेलं आणि बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत हात कसे धुवायचे ते करून दाखवलं. मुहूर्त टळायची वेळ आली. कामाला बसताना पाठ कशी ठेवावी हे शिकले, तर घरातल्या सगळ्या खुर्च्यांखाली विटा आल्या, आणि मावशीचे पाय जमिनीला टेकेनात. तक्रारी कशा ऐकून घ्याव्यात याचा वर्ग झाला, तेव्हा तर हे जुन्या पेशंटांच्या घरोघर जाऊन "काही तक्रार असली तर सांगा, मी ऐकून घ्यायला शिकलो" असं सांगत फिरले. लोकांना तोवर काही तक्रार नव्हती. पण एवढ्या मनानं कोणी विचारायला येतो म्हटल्यावर त्यांनी दातांची, सुनेची आणि नळाच्या पाण्याची, अशा सगळ्याच तक्रारी सांगून घेतल्या. मावसाजींनी मान डोलावत सगळ्या ऐकल्या.

पण सगळ्यात गाजलं ते अचानक कोणाची तब्येत बिघडली तर काय करावं, हे शिकले ते. त्याच आठवड्यात कॉलनीत एक लग्न होतं. नवऱ्यामुलाचे फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, वर्ध्याहून आले होते. आता आमच्या मुलखात लग्नातले फूफाजी हे प्रकरण काचेच्या भांड्यासारखं जपून न्यावं लागतं. फूफाजी जेवले, पान लावलं, आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरायला लागले. मावसाजींनी लांबून त्यांचं तोंड बघितलं आणि धावले. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी फूफाजींना सतरंजीवर उताणं केलं, कॉलरचं बटण सोडलं, आणि छातीवर तळवे रोवून मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. फूफाजी जागे झाले ते दोन-चारशे माणसांच्या घोळक्यात, छातीवर अनोळखी गृहस्थ घेऊन. ते जे रुसले ते थेट स्टेशनावर. सगळी वरात मागे लागली तरी ते वर्ध्याला परत गेले ते गेलेच. यातून मावसाजींनी काय धडा घ्यावा? तर तेव्हापासून नवी कवळी बसवली की उच्चार तपासायला ते पेशंटला एकच वाक्य म्हणायला लावतात, "फूफाजी, वापस वर्धा जाइए." त्यांचं म्हणणं, यात फ आहे, व आहे, स आहे. कवळी जरा सैल असली तर फूफाजींचा नुसता वारा होतो, आणि वाक्य नीट पार पडलं तर माणूस भाषणालाही उभा राहू शकतो.

हे सगळे किस्से मी जिच्यासाठी जपून ठेवत असे, ती आमची मावशी. मावशी हसायची ती अंगभर. खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, बांगड्या वाजायच्या. बांगड्या वाजायच्या कारण हसू आलं की तिचा उजवा हात आपोआप तोंडावर जायचा. तिचं हसणं आम्ही कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. नागपूरच्या पाहुण्यांना घेऊन आम्ही भेडाघाटला गेलो होतो, तेव्हाचं मला आठवतं. नाव संगमरवराच्या कड्यांमधून चालली होती, नाववाला यमकं जुळवून एकेका दगडाची ओळख करून देत होता, आणि मावसाजींनी खिशातून दातांच्या रंगांची पट्टी काढली. नकली दात कुठल्या छटेचा घ्यायचा ते ठरवायला नमुन्याचे दात ओळीनं लावलेले असतात, तीच. ती कड्यासमोर धरून, एक डोळा मिटून ते म्हणाले, "भैया, ये दाहिने वाला ए-टू है. और वो ऊपर थोड़ा पीला, वो ए-थ्री." नाववाला वल्हं थांबवून म्हणाला, "साहब, हम तो इसको हाथी का पाँव बोलते हैं." मावसाजींनी गंभीरपणे सांगितलं, "हाथी का भी इसी शेड में आता होगा." मावशी इतकी हसली, की नाव डुलायला लागली. एका हातानं तिनं काठ धरला होता, दुसरा तोंडावर.

तर अशा या माणसाच्या घरात, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. मावशीच्या हिरड्या बिघडत गेल्या. ती बोलली नाही, आणि मावसाजींनी पाहिलं नाही. गावभरच्या तोंडांत बघणारा माणूस, पण बायको तोंडावर हात धरून हसत असली तर त्याला दिसणार तरी काय? शेवटी डॉक्टरांनी वरचे होते नव्हते ते सगळे दात काढले. मावसाजी म्हणाले, "काही काळजी करू नको, घरचंच काम आहे." आणि घरचंच काम म्हणून त्यांच्या हातून ती चूक झाली, जी त्यांच्या धंद्यातलं शिकाऊ पोरही करत नाही. दात काढायच्या आधी आहे त्या तोंडाचं माप घेऊन साचा करून ठेवायचा, म्हणजे माणूस मुळात कसा दिसत होता ते हाताशी राहतं. हा त्यांचा पहिला धडा. साऱ्या जबलपूरचे साचे फळीवर, आणि मावशीचा नाही. हे त्यांच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

हिरड्या भरून येईपर्यंत काही महिने थांबावं लागतं. त्या महिन्यांत मावशी घराबाहेर पडेना. हळदीकुंकू सोडलं, भजनी मंडळ सोडलं. लेकीचा, रंजूचा, बंगलोरहून व्हिडिओ कॉल आला की ही फोन छताकडे करून ठेवायची, आणि रंजू पंख्याशी बोलायची. हात तोंडावर जायचा थांबला, कारण हसणंच थांबलं. मला त्या घरी जायचं जिवावर यायला लागलं. मावसाजी मला दारात गाठून दबक्या आवाजात विचारायचे, "काही किस्सा आणला का? एखादा सांग नं तिला." मी सांगायची. मावशी मऊ भात कालवत म्हणायची, "अच्छा."

नेमका त्याच सुमाराला मावसाजींचा कॉम्प्युटरवर कवळी बनवण्याचा वर्ग सुरू झाला. शिकवायला सागरहून एक मॅडम येत, वयानं तिशीच्या आतल्या, पण भारी समजूतदार. पडद्यावर जबडा फिरवायचा, कॉम्प्युटरच्या संग्रहातून दात निवडायचे, आणि मग मशीन कवळी घडवून देणार. शेवटी प्रत्येकानं एक खरी कवळी करून दाखवायची होती. मावसाजींनी मावशीची करायची ठरवली. ते माऊस दोन्ही हातांनी धरत. घरी सराव करताना त्यांनी एकदा जबडा पार पडद्याबाहेर घालवला आणि मला फोन करून विचारलं, "गेला कुठं तो?" पण चिकाटी मोठी. कॉम्प्युटरनं जे दात सुचवले तेच त्यांनी घेतले, जिथे मांडले तिथेच ठेवले. मशीनचं मोडायचं नाही, हा आज्ञाधारक विद्यार्थ्याचा बाणा. कवळी झाली ती अशी देखणी, की वर्गानं टाळ्या वाजवल्या. मावशीला खुर्चीत बसवून मॅडम म्हणाल्या, "माताजी, मुस्कुराइए," आणि मावशी हात मांडीवर ठेवून हसली. फोटोत ती दंतमंजनाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी दिसत होती.

घरी जो तो कौतुक करून गेला. मावशीही म्हणे, "छान झाली आहे." जेवायला लागली, भजनाला जायला लागली. सगळं मार्गी लागलं असं आम्ही धरून चाललो होतो. मग एका रविवारी मावसाजींनी पाहुण्यांसमोर फूफाजींचा किस्सा काढला. छातीवर तळवे रोवण्याच्या जागी गोष्ट आली की मावशी हमखास उठून स्वयंपाकघरात पळायची, इतकं तिला हसू आवरायचं नाही. त्या दिवशी ती सगळे दात दाखवून सारखंच, सरळ, छान हसली. बांगडी वाजली नाही. मावसाजी गोष्ट सांगता सांगता थांबले, आणि पुढचं मलाच सांगावं लागलं.

पुढच्या वर्गाला त्यांनी मॅडमना विचारलं, "मैडम, दाँत बैठ गए, हँसी नहीं बैठी. क्या ग़लत किया?" मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटर तो सिर्फ़ सुझाव देता है. दाँत घुमा भी सकते हैं, आगे-पीछे भी कर सकते हैं. पुराने फ़ोटो देखिए, आंटी के अपने दाँत कैसे थे." मावसाजी घरी आले ते बूट न काढता अल्बम घेऊन बसले. लग्नातली मावशी ओठ मिटून. रंजूच्या बारशातली ओठ मिटून. सहलीतली, वाढदिवसातली, भेडाघाटच्या नावेतली मावशी हात तोंडावर. अल्बम संपले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले, "एक दात होता बाई तिचा वाकडा, पुढं आलेला. कोणत्या बाजूनं होता, ते मला आठवून नाही राहिलं." जबलपूरची दाढ न् दाढ पाठ असलेला माणूस. मला त्यांची चेष्टा सुचली नाही. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी चहा करते म्हणून आत गेले.

आत मावशी होती. मी सरळ तिलाच विचारलं, की तू हसताना तोंडावर हात का धरायचीस. ती कणीक मळत म्हणाली, "हे मला पाहायला आले होते नं, तेव्हा नवीन नवीन शिकून आले होते. माझ्या भावानं काहीतरी गंमत केली, मी हसली. तर हे सगळ्यांसमोर म्हणतात काय, 'हा दात थोडा मागे घेता येईल.' मी मनात म्हटलं, बरा आहे, आतापासूनच दुरुस्ती काढून राहिला." मी म्हटलं, "आणि तू काही बोलली नाहीस?" "काय बोलू? त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हात आपला जायचा, मग सवयच लागली." कोणत्या बाजूचा दात, हे विचारल्यावर तिचाही गोंधळ उडाला. आरशात तर डावीकडे दिसायचा, का उजवीकडे, आणि आरशातलं उलटं धरायचं का सुलटं. "गेला आता तो," ती म्हणाली, "त्यांना काही सांगू नको. ते मन लावून शिकून राहिले." पण मावसाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. कधी आले कोण जाणे. ते तसेच पाठमोरे झाले.

तेवढ्यात रंजूचा फोन आला. रंजूला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते. मी तिला हळूच काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पर आई का दाँत तो मेरे जैसा ही था न! सब बोलते थे, आईचा दात घेऊन आली. बाबांनीच तार लावून सीधा करवाया." मावसाजींनी माझ्या हातातून फोन घेतला, रंजूकडून तेच पुन्हा ऐकलं, आणि फोन परत दिला. मग मला म्हणाले, "चलो. स्कूटर काढ."

लॅबमध्ये दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. मावसाजी स्टुलावर चढले आणि एकेक साचा उतरवून माझ्या हातात द्यायला लागले. घाईत होते, तरी ओळख सुटत नव्हती. "हे वकीलसाहेब. या भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई, सांभाळ. हा तुझा प्राचार्य." सगळ्यात वरच्या फळीवर, एका गंजक्या बिस्किटांच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लहानसा जबडा निघाला. तळाशी पेन्सिलीनं 'रंजू' लिहिलेलं होतं. तार लावायच्या आधीचा साचा. समोरच्या दोन दातांच्या शेजारचा एक दात पुढे आला होता, पुढच्या बाकावरून मान वळवून बघणाऱ्या पोरीसारखा. मावसाजींनी तो खिडकीशी नेला, आणि अंगठ्यानं त्याच्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "डावा." आणि साचा परत वर्तमानपत्रात गुंडाळत, "दोघींचाही मीच सरळ करायला गेलो."

दुसऱ्या दिवशी ते मॅडमकडे गेले. पॉइंट मिळायचे ते मिळून चुकले होते, यासाठी काही मिळणार नव्हतं. कीबोर्डशेजारी रंजूचा जबडा ठेवून, माऊस दोन्ही हातांनी धरून त्यांनी पडद्यावरचा तो डावा दात पुढे ओढला, जरासा वळवला. मॅडम मागे उभ्या होत्या. "थोड़ा और, सर?" मावसाजी म्हणाले, "नहीं मैडम. बस, इतना ही था." त्यांना ते आठवलं होतं.

नवी कवळी आली तेव्हा मावशी म्हणाली, "पहिली काय वाईट होती? उगाच तुमचा खटाटोप." मावसाजींनी तिला खिडकीपाशी बसवलं, स्वतः हात धुतले, बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत, आणि कवळी बसवली. आरसा दिला नाही. समोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "हं, म्हण." मावशी म्हणाली, "मी नाही म्हणत ते तुमचं." "म्हण नं. उच्चार पाहायचे आहेत." मावशीनं माझ्याकडे एकदा बघितलं, आणि सुरुवात केली, "फूफाजी, वापस..." आणि तिला तो सतरंजीवरचा फूफाजी दिसला असणार. वर्ध्यापर्यंत ती पोचलीच नाही. खांदे हलायला लागले, डोळे मिटले, आणि बांगड्या वाजल्या. हात तोंडावर गेला होता.

मावसाजी म्हणाले, "बसली." मग पुढे होऊन म्हणाले, "हात खाली घे."

"काहून?"

"आता काही दुरुस्त नाही करायचं."

मावशीचं हसू थांबलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं, हात तसाच ठेवून हाताआडूनच म्हणाली, "एवढं समजायला इतकी वर्षं लागली का तुम्हाला?"

"शिकून राहिलो नं," मावसाजी म्हणाले.

मावशीनं हात खाली घेतला. मी जन्मापासून तिच्या अंगाखांद्यावर वाढले, पण तिचं खरं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो डावा दात पुढे येऊन सगळ्यांच्या आधी हसत होता.

याला आता बरेच दिवस झाले. मावसाजींचे हात अलीकडे थरथरतात. लॅबचं काम त्यांनी जवळजवळ सोडलंय, नोंदणी पुढे न्यायची का नाही हेही नक्की नाही, पण वर्ग असला की इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरपाशी उभे असतात. मी सुटीच्या दिवशी महाराजपूरला जाते, काहीतरी किस्सा घेऊन. मावशीला हसू येतं तेव्हा हात अजून वर येतोच. इतक्या वर्षांची सवय अशी थोडीच जाते? पण हनुवटीशी आला की तो थबकतो. त्या क्षणाला मावसाजी हातातला चहाचा कप तसाच धरून तिच्याकडे बघत राहतात, आणि हात परत मांडीवर उतरला की मग चहा पितात.